खिडकी उघडी ठेवून

मागच्या रविवारी सकाळी मी गॅसवर मटणाचं पातेलं चढवलं आणि माझी नऊ वर्षांची पोरगी आपणहून उठली. स्वयंपाकघराची खिडकी ओढून घेतली, कडी घातली आणि उदबत्तीसाठी काडेपेटी शोधायला लागली. तिला कुणी सांगितलं नव्हतं. सांगायची गरजच उरली नव्हती.

दोस्तांनो, मी चळवळीत वाढलेला माणूस. चौदा एप्रिलला स्टेजवर उभा राहून विद्रोहावर बोलतो, टाळ्या घेतो. आणि माझ्या पोरीला मी घरात काय शिकवलं? तर मोठ्याचं शिजत असलं की खिडकी लावायची.

हे त्या खिडकीबद्दल लिहितोय. आणि मटणाबद्दलही, कारण ते मटण फार चांगलं झालं होतं आणि तुम्ही ते करावं असं मला वाटतं.

अकरा वर्षं आम्ही पुण्यात भाड्यानं राहतो. चार घरं झाली. घर बघायला गेलं की पहिला प्रश्न आडनावाचा, दुसरा खाण्याचा. दोन्ही प्रश्न एकच आहेत हे विचारणाऱ्याला ठाऊक असतं, आम्हालाही. ‘नॉनव्हेज करता का?’ ‘कधीमधी, चिकन.’ असं म्हणून मी किल्ली घेत आलो. चिकन चालतं. बकऱ्याचं म्हणजे तर पाहुणचार. पण मोठ्याचं म्हटलं की माणूस उघडा पडतो. जात, वस्ती, आजा-पणजा सगळं त्या एका शब्दात बाहेर येतं.

मग आम्ही काय करायचो? कुकर. बारीक तुकडे, आठ-दहा शिट्ट्या, गरगर पंखा, बंद खिडकी, वरून उदबत्ती. दुकानातून काळ्या पिशवीत आणायचं. हाडकं घंटागाडीत टाकायची नाहीत, कागदात गुंडाळून दोन गल्ल्या पलीकडच्या कचराकुंडीत न्यायची. तासाभरात सगळं उरकायचं, जसा काही गुन्हा उरकतोय.

आणि गुन्हा तर नव्हताच. कायदा काय आहे हे आपल्यातल्याही बऱ्याच जणांना नीट माहीत नाही, म्हणून सांगतो. महाराष्ट्रात गाईच्या कत्तलीला १९७६ च्या कायद्यानं बंदी आली. मार्च २०१५ मध्ये दुरुस्ती लागू झाली आणि बंदीत बैल आणि वळूही आले. म्हैसवर्गीय जनावरांना ती बंदी नाही. नियमानं दाखला घेऊन ती कापता येतात. २०१५ च्या दुरुस्तीनं तर दुसऱ्या राज्यात कायदेशीर कापलेल्या जनावराचं मांस इथं जवळ ठेवणं हाही गुन्हा ठरवला होता. मुंबई उच्च न्यायालयानं मे २०१६ मध्ये बंदी कायम ठेवली, पण ते कलम रद्द केलं. माणसाच्या घरातल्या ताटावर सरकारनं अशी नजर ठेवणं हे त्याच्या खाजगी जगण्यावर आक्रमण आहे, हा त्यातला मुद्दा होता.

म्हणजे माझ्या पातेल्यातल्या म्हशीच्या मटणाला कायद्याची आडकाठी नाही. आडकाठी आहे ती शेजाऱ्याच्या नाकाची. अकरा वर्षं मी त्या नाकाला भिऊन कुकर लावला.

त्या रविवारी माझी माय गावाहून आली होती. बीड जिल्ह्यात बालाघाटच्या डोंगराकडं आमचं गाव. ताई आणि दाजी जेवायला येणार होते. मी सवयीनं कुकर काढला. मायनं तो बघितला आणि म्हणाली, “ह्येच्यात मटण शिजत न्हाई रं बाळा, नुस्तं फुटतं. पातेल्यात घाल. मंद ठिव. मोठ्याला येळ लागतो.”

येळ लागतो. हे आमच्या आज्या-पणज्यांना कुठल्या पुस्तकानं शिकवलं नाही. कोवळं जनावर आमच्या वाट्याला कधी आलंच नाही. दहा-बारा वर्षं औत ओढून म्हातारं झालेलं, भाकड झालेलं, तेच आमचं. जो स्नायू आयुष्यभर राबतो तो चिवट असतो. त्यात कोलॅजन जास्त. ते कोलॅजन सावकाश, ओल्या उष्णतेत तासन् तास राहिलं की विरघळतं, त्याचं जिलेटीन होतं आणि रस्सा ओठाला चिकटतो. खळखळून उकळलं तर मांस आक्रसतं, रस सोडतं आणि चोथा उरतो. शास्त्रवाल्यांनी त्याला नाव दिलं. आमच्या बायांनी शेणकुटाच्या धगीवर ते कधीपासूनच ओळखलं होतं.

सलग तुकडा शिजवायची कल्पना मात्र माझ्या एका गोव्याच्या दोस्ताची. तिकडं ख्रिस्ती घरांत सणासुदीला बीफचा रोस्त असतो. गोव्यातही गाय कापायला बंदी आहे, पण बैलाचं, म्हशीचं मांस दाखल्यानिशी चालतं. अख्खा तुकडा मुरवायचा, भांड्यातच सावकाश शिजवायचा, टेबलाच्या मधोमध ठेवून सगळ्यांदेखत कापायचा. त्याच्या आजीनं रोस्त करताना कधी खिडकी लावल्याचं त्याला आठवत नाही. मला ह्या वाक्याचा हेवा वाटला, मटणाचा नाही.

आता कसं केलं ते सांगतो. फार सोपं आहे.

मागच्या मांडीचा दीड किलोचा सलग तुकडा घ्या. बिनहाडाचा, थोडी चरबी राहू द्या. शनिवारी रात्री त्याला मीठ, हळद, आलं-लसणाचं वाटण आणि एका लिंबाचा रस चोळा. जागोजाग सुरीनं टोचून लसणाच्या आठ-दहा अख्ख्या पाकळ्या आत खुपसा. झाकून रात्रभर फ्रीजमध्ये मुरू द्या. सकाळी तासभर आधी बाहेर काढा आणि फडक्यानं टिपून कोरडा करा. जाड बुडाच्या पातेल्यात करडईचं तेल तापवा आणि तुकडा सगळ्या अंगांनी लालसर भाजून घ्या. घाई नको, दहा-पंधरा मिनिटं लागतात. तुकडा काढून त्याच तेलात पाच मोठे कांदे उभे चिरून परता. कांदा तांबूस झाला की दोन चमचे काळं तिखट आणि चार-पाच मिरे घाला. तुकडा परत आत ठेवा आणि दोन वाट्या गरम पाणी घाला. पाणी तुकड्याच्या निम्म्यापर्यंत यावं, तुकडा बुडता कामा नये. वर घट्ट झाकण, झाकणावर पाणी. पातेल्याखाली लोखंडी तवा सरकवा आणि गॅस अगदी बारीक करा. रस्सा कधीमधी एखादा बुडबुडा सोडेल एवढाच. अर्ध्या-पाऊण तासानं तुकडा उलटा. झाकणावरचं गरम झालेलं पाणी लागेल तसं आत घाला. म्हशीच्या मटणाला साडेतीन ते चार तास लागतात.

चार तास! चार तास वास सुटणार होता. पोरगी खिडकीपाशी काडेपेटी घेऊन उभी होती. मी तिला म्हणालो, “खिडकी उघड.” ती म्हणाली, “पप्पा, वास जाईल ना सगळ्यांकडे.” मी म्हणालो, “जाऊ दे.” माझा आवाज नीट येत नव्हता, हेही सांगून टाकतो. मी काही शूर माणूस नाही.

मटण शिजत होतं आणि माय ओट्यापाशी खुर्चीवर बसून बोलत होती. बहात्तरच्या दुष्काळात ती बारा-तेरा वर्षांची. खडी फोडायच्या कामावर जायची. गावात जनावरं पटापट मरत होती. “मेलं की सांगावा यायचा. ओढून न्या. आमाला कुणी इचारलं न्हाई, तुमाला पायजे का म्हणून. वढायचं आमीच, सोलायचं आमीच. वस्तीवर सोडून दिल्यालं परत सुरू झालं त्या साली, पोटापायी. चान्या करून दोरीवर वाळत घालायचो. ती चव माज्या तोंडातून गेली न्हाई अजून.” मग पातेल्याकडं बघून म्हणाली, “ह्ये येगळं. ह्ये तू इकत आणलंस.”

माझ्या मायला अक्षरओळख नाही. पण जे आमच्या शिकलेल्या लोकांना समजत नाही ते तिनं एका वाक्यात सांगितलं. गावानं फेकलेलं पड वेगळं आणि पैसे मोजून आणलेलं मटण वेगळं.

१९२७ च्या मार्चमध्ये महाडला बाबासाहेबांनी मृतमांस सोडायला सांगितलं. का सांगितलं? ते मांस नव्हतं, ती मजुरी होती. गुलामीची मजुरी. मेलेलं ढोर ओढायची सक्ती आणि तिचा मोबदला म्हणून तेच ढोर. ते खाल्लं की ओढणं आलं, ओढलं की गावकुसाबाहेरचं जगणं आलं. ती साखळी तोडायची होती. आपल्या माणसांनी उपाशी राहून ती तोडली. त्यांना माझा क्रांतिकारी जयभीम.

पण त्याच बाबासाहेबांनी १९४८ मध्ये अस्पृश्यांवरचा ग्रंथ लिहिला. त्यात वैदिक काळात कोण काय खात होतं हे त्यांनी ब्राह्मणी ग्रंथांतूनच काढून दाखवलं. गोमांस खाणारे पुढं ते सोडून पवित्र झाले आणि ज्यांनी सोडलं नाही, ज्यांना सोडणं परवडलं नाही, ते अस्पृश्य ठरले, असा सिद्धांत मांडला. खाण्यावरून माणसाला बाटगा ठरवायचा हा कावा त्यांनी उघडा पाडला. आणि आम्ही काय करतो? खिडकी लावतो. म्हणजे कबुलीजबाब देतो की होय साहेब, आम्ही बाटलेलेच आहोत.

ह्या देशाची गंमत बघा. सप्टेंबर २०१५ मध्ये दादरीजवळच्या गावात मोहम्मद अखलाक यांना घरात गोमांस असल्याच्या अफवेवरून ठेचून मारलं. जुलै २०१६ मध्ये गुजरातेत उना इथं मेलेल्या गाईचं कातडं सोलणाऱ्या दलित पोरांना गाडीला बांधून फटके मारले. जिवंत गाय त्यांची आई. मेलेली गाय ओढायला मात्र आम्हीच, आणि ओढली तरी मार आम्हालाच. तेव्हा सुरेंद्रनगरच्या भावांनी मेलेली ढोरं कलेक्टर कचेरीपुढं नेऊन टाकली. आई तुमची, अंत्यविधी तुम्ही करा. याला म्हणतात उत्तर!

आणि शेतकरी राजा? त्यालाही म्हातारा बैल पोसणं परवडत नाही. पूर्वी तो कुरेशी व्यापाऱ्याला विकायचा आणि त्या पैशात नव्याची सोय करायचा. आता बाजारात व्यापारी यायला भितो, रस्त्यात टोळकी गाडी अडवतात. २०२५ च्या पावसाळ्यात तर राज्यातल्या कुरेशी व्यापाऱ्यांनी जनावरांची खरेदीच बंद ठेवली होती. बैल दावणीला उभा, चारा विकतचा. गाईला राज्यमाता म्हणायचं सरकारनं सप्टेंबर २०२४ मध्ये ठरवलं. राज्यातल्या भाकड जनावरांनी काय खायचं, ते कुणाच्या गळ्यात पडायचं, हे शेतकऱ्यावर सोडलं.

साडेबाराला बेल वाजली. सोसायटीचे सेक्रेटरी. चांगले गृहस्थ, रोज हसून बोलणारे. “नाही म्हटलं, कसला तरी वास येतोय जिन्यात. गटार वगैरे तुंबलं का काय बघायला आलो.”

गटार! कांदा, लसूण, काळं तिखट, करडईचं तेल. माझ्या मायच्या हाताचा अंदाज. आणि ह्यांना गटार आठवलं.

अकरा वर्षांत मी काहीतरी बोलून वेळ मारून नेली असती. पण पोरगी मागं उभी होती. मी म्हणालो, “मटण शिजतंय. मोठ्याचं. म्हशीचं आहे, कायद्यातलं आहे, दुकानाची पावती आहे. दीडला जेवायला बसतोय. या तुम्हीपण.” ते काही बोलले नाहीत. जिना उतरून गेले.

दाजी आले ते नाकाला रुमाल लावूनच. दाजी सरकारी अधिकारी. माणूस कर्तबगार, पण पांढरपेशा झालाय. जेवायच्या आधीच सुरू झाले. “बाबासाहेबांनी सोडायला सांगितलं ते तू धरून बसलायस. बावीस प्रतिज्ञांत प्राणिमात्रांवर दया सांगितलीय. आणि लोक काय म्हणतील?”

मी म्हणालो, “दाजी, बाबासाहेबांनी पड सोडायला सांगितलं. दयेपोटी कुणी मांसच सोडलं असेल तर मी त्याच्या पाया पडतो. पण तुम्ही दर रविवारी बकऱ्याच्या दुकानापुढं रांगेत उभे असता. बकरा प्राणिमात्रांत येत नाही का? तुमची दया जनावराच्या जातीवर कशी ठरते? तुमचं खरं कारण तिसरं वाक्य आहे. लोक काय म्हणतील.”

ताई हसली. दाजी गप्प झाले.

तीच गत आमच्या पुरोगामी मित्रांची. हॉटेलात स्टेक मागवतील, फोटो काढतील. तिथं ते संस्कृती होते. माझ्या घरी आले की मात्र, “चिकन कर ना यार, उगाच तुला त्रास.” इंग्रजी नाव लागलं की मांस पवित्र होतं. मोठ्याचं म्हटलं की त्याला वस्तीचा वास येतो.

दीड वाजता गॅस बंद केला. सुरी टोचली तर न अडकता आरपार गेली. तुकडा बाहेर काढून पंधरा मिनिटं तसाच ठेवला. गरम कापला तर सगळा रस ताटात वाहून जातो. तोवर रश्शात दोन चमचे येसर पाण्यात कालवून घातली आणि पाच मिनिटं उकळून दाट केली. मग तुकडा मधोमध ठेवून धाग्याच्या आडवा कापला, बोटभर जाड फोडी केल्या, वर तो कांद्याचा रस्सा ओतला. ज्वारीच्या भाकरी, कच्चा कांदा, लिंबू. सहा माणसं पोटभर जेवली. मायला दात कमी, तिनं फोडी बोटानं मोडल्या. कुकरातलं मटण ती गेली चार वर्षं खातच नव्हती आणि मला ते कधी समजलंही नव्हतं. मला वाटायचं, तिची भूक कमी झालीय.

आणखी एक कबूल करतो. गावाकडं चुलीपुढं चार तास बसायची ती माय. बाप अंगणात पानाची वाट बघायचा. आम्ही पोरं शिजलेलं खाऊन चळवळीला गेलो. मंद आचेची ही अक्कल बायांच्या चार-चार तासांतून आली आहे. तेव्हा गड्यांनो, हे करायचं तर स्वतः ओट्यापुढं उभं राहून करा. बायकोला चार तास उभं करून स्वतः विद्रोहाच्या गप्पा मारणार असाल तर कुकरच बरा.

आता किंमत सांगतो. सोमवारी सकाळी घरमालकाचा फोन आला. करार अकरा महिन्यांचा आहे, तो संपतोय, पुढं वाढवणार नाही. कारण विचारलं तर म्हणाले, “घरच्यांना वापरायला हवंय.” बायको रात्रभर जागी होती. पोरीची शाळा इथून जवळ आहे. पाचवं घर शोधायचं, पुन्हा आडनाव, पुन्हा तो प्रश्न.

बायकोनं विचारलं, “एका जेवणासाठी?” तिचा प्रश्न खरा आहे. मी दोन दिवस त्याचं उत्तर शोधत होतो. जे सापडलं ते एवढंच. घर गेलं तर मी दुसरं शोधीन, दमेन, पण शोधीन. पण नऊ वर्षांची पोरगी न सांगता उठून खिडकी लावते, हे तसंच चालू राहिलं तर ती पुढं कॉलेजात डबा लपवील, नोकरीत आडनाव लपवील आणि एक दिवस जिन्यात भेटलेल्या आपल्या आजीला ओळख देणार नाही. ते घर मला कुठल्याच दलालाकडं मिळणार नाही.

ह्या वेळी घर बघायला गेल्यावर ‘नॉनव्हेज करता का?’ असं विचारलं की मी सांगणार आहे, करतो, मोठ्याचं करतो, रविवारी, चार तास. नाही म्हणतील. म्हणू देत. दहा जण नाही म्हणतील, अकरावा कुणीतरी सापडेल. आणि आपल्यातले जे स्वतःच्या मालकीच्या फ्लॅटात राहतात, ज्यांना कुणी काढू शकत नाही, त्यांना मी विचारतो. भावांनो, तुमची खिडकी का बंद आहे? तुम्ही कुणाला भिता? तुम्ही आधी उघडा. भाडेकरूला मग थोडं सोपं जाईल.

ज्याला खायचं नाही त्यानं खाऊ नये. ज्याला आवडत नाही, ज्याचं मन होत नाही, त्याच्यावर जबरदस्ती नाही. नाही खायचं हे ठरवायचा हक्क त्याचाच आहे. फक्त लाजेनं ठरवू नका, भीतीनं ठरवू नका.

सोमवारी संध्याकाळी राहिलेल्या रश्शात भाकरी कुस्करून पोरगी खात होती. मला म्हणाली, “पप्पा, परत कधी करायचं?” मी म्हणालो, नवीन घर मिळालं की पहिल्याच रविवारी.

कृतीत एक गोष्ट सांगायची राहिली. रस्सा पातळ राहिला असेल तर शेवटची वीस मिनिटं झाकण काढून ठेवा. वास तेव्हाच सगळ्यात जास्त सुटतो. खिडकी उघडी आहे ना, बघून घ्या.

जयभीम!